सपाट चित्रातून उंचवटे-खळगे मेंदू कसे काढतो?

एक डोळा मिटा आणि समोर पडलेल्या चुरगळलेल्या चादरीकडे बघा. चुण्या गेल्या का? नाही ना. जिथे कापड वर आलंय तिथे ते वरच दिसतंय, जिथे दबलंय तिथे दबलेलंच. आता तीच चादर फोटोत बघा, फोटो तर ठार सपाट, तरी एकूण एक चुणी जागच्या जागी. म्हणजे "आपल्याला दोन डोळे आहेत म्हणून थ्रीडी दिसतं" हे जे उत्तर सगळ्यांनी कधीतरी ऐकलेलं असतं ते खोटं नाहीये पण फारच अर्धवट आहे, आणि मला तर वाटतं की त्या उत्तरामुळेच यातला सगळ्यात भारी भाग लोकांपर्यंत पोचत नाही.

तरी दोन डोळ्यांचं आधी उरकून घेऊ. दोन बाहुल्यांमध्ये साधारण ६ ते साडेसहा सेंटीमीटर अंतर असतं, त्यामुळे दोन्ही डोळ्यांत पडणारी चित्रं किंचित वेगळी असतात आणि या फरकावरून मेंदू खोली काढतो. हे पहिल्यांदा नीट दाखवून दिलं चार्ल्स व्हीटस्टोनने, १८३८ मध्ये. त्याने स्टिरिओस्कोप नावाचं आरशांचं यंत्र बनवलं, दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवली, आणि हुशारी अशी की चित्रं मुद्दाम नुसत्या रेघांची ठेवली, शेडिंग वगैरे काही नाही, म्हणजे खोली दिसली तर ती फक्त त्या फरकामुळेच. पुढे १९६० मध्ये बेल लॅब्जमध्ये बेला युलेशने याच्याही पुढची पायरी गाठली, नुसते कसेही विखुरलेले ठिपके, एका डोळ्याने बघितलं तर कचरा, दोन्ही डोळ्यांना आपापलं चित्र मिळालं की मधला चौकोन हवेत तरंगायला लागतो. तर हो, दोन डोळे काम करतात, चांगलंच करतात.

पण अडचण अंतराची आहे. हा फरक अंतराच्या वर्गाने कमी होतो. समोरच्या माणसाचं नाक गालापेक्षा किती पुढे आलंय हे अर्ध्या मीटरवरून बघताना जेवढा फरक मिळतो, त्याच्या १०० पट कमी फरक ५ मीटरवरून मिळतो. तरीही ५ मीटरवरचा चेहरा आपल्याला कागदाला चिकटवल्यासारखा दिसत नाही. म्हणजे बाकीचं काम दुसरं कुणीतरी करतंय.

आणि ते काम खरं तर अशक्य कोटीतलं आहे. डोळ्याच्या आतला पडदा, रेटिना, त्यावर जे उमटतं त्याला फक्त लांबी-रुंदी. खोली तिथे नोंदवलीच जात नाही. रेटिनावर एक लंबगोल उमटला तर तो समोर सरळ धरलेला लंबगोल असेल, किंवा तिरकी धरलेली गोल तबकडी असेल, किंवा कुठलातरी वेडावाकडा वाकवलेला पत्रा असेल जो नेमका या कोनातून लंबगोल दिसतो, असे पर्याय मोजायला गेलो तर अनंत. गणिताने यातून एक उत्तर निघत नाही. तरी आपल्याला एकच उत्तर दिसतं, तेही लगेच, तेही ठाम. ११व्या शतकात इब्न अल-हैथमने लिहून ठेवलंय की बघण्यात एक भरभर होणारा निष्कर्ष दडलेला असतो जो आपल्या लक्षातच येत नाही, आणि १९व्या शतकात हेल्महोल्ट्झने तोच विचार नव्याने मांडला, त्याने त्याला नकळत काढलेलं अनुमान म्हटलं. अनुमान कशावरून तर चित्रात पडलेल्या बारीकसारीक खुणांवरून. या खुणा एकेक करून बघितल्या तर प्रत्येक खूण कच्ची आहे.

सगळ्यात मोठी खूण म्हणजे शेडिंग, कुठे उजेड कुठे अंधार. मॅट पृष्ठभाग, म्हणजे चकाकी नसलेला, जेवढा उजेडाकडे तोंड करून असेल तेवढा उजळ दिसतो, आणि जसजसा तिरका होत जाईल तसतसा काळवंडतो. हे लॅम्बर्टने १७६० मध्ये नियमात बसवलं. चादरीच्या चुणीचा एक उतार खिडकीकडे असतो, तो पांढरा, चुणीच्या माथ्यावरून पलीकडे गेलो की उतार फिरतो आणि कापड राखाडी होत जातं. म्हणजे राखाडीपणा वाचला की उतार कळला, सोपंय ना? नाही. कारण एखादी जागा काळपट दिसायला तीन कारणं असू शकतात: ती तिरकी आहे, तिथे उजेडच कमी पोचतोय, किंवा तिथला रंगच मुळात गडद आहे. डोळ्याला येऊन पोचतो तो या तिघांचा मिळून एकच आकडा, आणि त्यातून कुणाचा वाटा किती हे मेंदूने ओळखायचं.

त्यात भर म्हणजे उजेड कुठून येतोय हे माहीत नसेल तर फुगवटा आणि खळगा यांचं चित्र अगदी सारखं येतं. वरून उजेड पडलेला फुगवटा वरच्या बाजूला उजळ, खाली काळा. खालून उजेड पडलेला खळगा पण वरच्या बाजूला उजळ, खाली काळा. मग मेंदू काय करतो, तर सरळ गृहीत धरतो की उजेड वरून येतोय. चंद्रावरच्या विवरांचा एखादा चांगला फोटो फोनवर उघडा आणि फोन उलटा करा, स्क्रीन फिरेल म्हणून रोटेशन लॉक करून. खड्ड्यांच्या टेकड्या होतात, आणि त्या टेकड्या आहेत असं नुसतं वाटत नाही, त्या दिसतात, तुम्हाला माहीत असतं की हे खड्डे आहेत तरी दिसतात. यातला गंमतीचा भाग हाच की माहिती असून उपयोग होत नाही. डेव्हिड ब्रूस्टरने अशा उलटापालटीवर १८२६ मध्येच लिहिलं होतं.

१९८८ मध्ये व्ही. एस. रामचंद्रन यांनी हे प्रकरण अगदी साध्या चित्रांनी उघडं केलं. करड्या पार्श्वभूमीवर गोल, काही वरून उजळ, काही खालून उजळ. पहिले फुगे दिसतात, दुसरे खळगे. आता चित्र तसंच ठेवा आणि स्वतःचं डोकं उलटं करा (पाय फाकवून खाली वाकून बघा, कुणी बघत नसेल तेव्हा), सगळे फुगे खळगे होतात आणि खळगे फुगे. म्हणजे मेंदूचं "वर" म्हणजे आकाशाच्या दिशेचं वर नाहीये, डोक्याच्या दिशेचं वर आहे! पृथ्वी कुठे आहे हे शरीराला कळत असतं, पण हा हिशोब करणाऱ्या यंत्रणेला ते विचारायला वेळ नाही. आणखी एक, उजेड डावी-उजवीकडून असलेले गोल घेतले तर ते कधी फुगे वाटतात कधी खळगे, पण पालटले की सगळे मिळून पालटतात. कारण मेंदू दुसरी एक गोष्ट धरून चालतो, दिवा एकच आहे. लाखो वर्षं सूर्य एकच होता, त्यामुळे ही पैज फारशी हरली गेली नसावी.

ही सवय जन्माने येते की अनुभवाने, यावर दोन्हीकडचे पुरावे आहेत. १९७० मध्ये हर्शबर्गर नावाच्या संशोधकाने कोंबडीची पिल्लं अशा पिंजऱ्यात वाढवली जिथे उजेड खालूनच येत होता, तरी ती पिल्लं उजेड वरून असल्यासारखीच वागली. दुसरीकडे २००४ मध्ये वेंडी अ‍ॅडम्स आणि सहकाऱ्यांनी माणसांना उंचवटे-खळगे हाताने चाचपायला दिले, स्पर्श असा बेतलेला की जणू उजेड नेहमीच्या दिशेपासून जरा बाजूने येतोय, आणि थोड्या सरावाने लोकांची गृहीत धरलेली दिशा खरंच सरकली. म्हणजे पाया आधीच घातलेला असावा आणि डागडुजी आयुष्यभर चालू, असं मला तरी वाटतं.

प्राण्यांनी या सवयीचा फायदा कधीच उचललाय. हरणं, मासे, कितीतरी प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असतं. वरून उन्हं पडली की पाठ उजळते आणि पोट सावलीत जातं, म्हणजे रंगाच्या बरोब्बर उलटं, आणि दोन्ही एकमेकांना खोडतात. शेडिंगच गायब झाल्यावर गोलाई कुठून दिसणार, शिकाऱ्याला तिथे काही भरीव आहे हेच पटकन लक्षात येत नाही. हे नीट मांडणारा माणूस जीवशास्त्रज्ञ नव्हता, अ‍ॅबट थेयर नावाचा अमेरिकन चित्रकार होता, १८९६ मध्ये. चित्रकार सपाट कॅनव्हासवर शेडिंग घालून गोलाई आणतो, थेयरला दिसलं की निसर्ग तेच उलट्या दिशेने करतोय.

आता बाह्यरेषा. ही खूण मला सगळ्यात जास्त आवडते, कारण वरवर बघता ती सर्वात गरीब दिसते. नुसती काळी सावली, आत काही नाही, फक्त कड. त्यातून पृष्ठभागाबद्दल काय कळणार? १९८४ मध्ये यान कूंडरिंक या डच शास्त्रज्ञाने दाखवलं की बरंच काही, आणि ते अंदाजाने नाही तर भूमितीने सिद्ध करून. गुळगुळीत वस्तूची कड जिथे बाहेर फुगलेली दिसते तिथे पृष्ठभाग चेंडूसारखा सगळ्या बाजूंनी फुगीर असतो. कड जिथे आत वळते तिथे पृष्ठभाग खोगीरासारखा असतो, एका दिशेने वर वाकलेला, दुसऱ्या दिशेने खाली. एखाद्या माणसाची सावली घ्या, डोक्याची कड बाहेर फुगलेली, मानेपाशी आत जाते. मान आडव्या दिशेने गोल आहे आणि उभ्या दिशेने आत वळलेली, तंतोतंत खोगीर. आणि खळगा? वाटीच्या आतल्या बाजूसारखा खरा खळगा बाह्यरेषेवर कधी येऊच शकत नाही, कारण तो दिसायच्या आधी त्याची पुढची कडा आड येते. म्हणजे रेषा फक्त एक, पण तिच्या प्रत्येक वळणावर पृष्ठभागाची जात लिहिलेली. म्हणूनच चांगला चित्रकार चार रेघांत अख्खं शरीर उभं करतो आणि आपण म्हणतो वा. शेडिंग तेच ठेवून नुसती कड बदलली तरी आतला पृष्ठभाग वेगळाच दिसायला लागतो, एवढी तिची दादागिरी.

टेक्श्चरची, म्हणजे पृष्ठभागावरच्या नक्षीची, गोष्ट त्यामानाने सरळ आहे. ठिपक्यांचं किंवा पट्ट्यांचं कापड असेल तर जिथे कापड लांब जातं तिथे ठिपके लहान होतात, जिथे तिरकं होतं तिथे ते दबून चपटे होतात. जेम्स गिब्सनने १९५० च्या सुमारास यावर खूप भर दिला. इथे गृहीतक असं की ठिपके मुळात सगळीकडे सारखेच आहेत. कुणी मुद्दाम कमीजास्त मापाचे ठिपके छापले तर सपाट भिंत फुगलेली दिसू शकते, आणि दृष्टिभ्रमाची चित्रं काढणाऱ्या चित्रकारांची दुकानं त्यावरच चालतात. पण टेक्श्चर सगळीकडे सारखं उपयोगी नसतं. पृष्ठभाग १० अंश कलला तर ठिपका जेमतेम दीड टक्का दबतो, कुणाला कळणार? ६० अंश कलला तर थेट निम्मा होतो. त्यामुळे फार तिरक्या पृष्ठभागावर टेक्श्चर जबरदस्त आणि समोरासमोर असलेल्यावर जवळपास निकामी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हालचाल. १९५३ मध्ये वॉलक आणि ओ'कॉनेल यांनी वाकवलेल्या तारेची सावली पडद्यावर पाडली आणि लोकांना फक्त सावली दाखवली. तार स्थिर असताना सपाट वेडीवाकडी रेघ. तार फिरवली की त्याच सपाट रेघेतून भरीव तार दिसायला लागली. १९७९ मध्ये शिमोन उलमनने गणिताने दाखवलं की वस्तू कडक आहे, फिरताना ताणली-आकसली जात नाही, एवढं एकच गृहीत धरलं तर चार बिंदू आणि त्यांची तीन वेगवेगळी दृश्यं एवढ्यावर त्रिमिती रचना काढता येते, फक्त पुढचं-मागचं आरशासारखं उलटं असायची शक्यता उरते. ती उरलेली शक्यता बघायची असेल तर २००३ मध्ये नोबुयुकी कायाहारा यांनी बनवलेली गिरकी घेणारी नर्तिका आठवा, काळी सावली, कुणाला डावीकडे फिरताना दिसते कुणाला उजवीकडे, आणि त्यावरून डावा मेंदू-उजवा मेंदू असलं जे काही फॉरवर्ड होत असतं त्याला काडीचा आधार नाही.

चकचकीत वस्तूंवर शेडिंगचा नियम चालत नाही, स्टीलच्या चमच्यावर जे दिसतं तो चमच्याचा रंग नसून सगळ्या खोलीचं प्रतिबिंब असतं. खोली बदलली की चित्र बदललं. मग आकार दिसायलाच नको, पण उलट चकचकीत गोष्टींचा आकार आपल्याला छान कळतो. रोलंड फ्लेमिंग, अँटोनियो तोराल्बा आणि एडवर्ड एडेलसन यांनी २००४ मध्ये याचं जे कारण दाखवलं ते असं, की प्रतिबिंबात काय आहे याला महत्त्व नाही, ते कुठे कसं चेपलं गेलंय त्याला आहे. पृष्ठभाग ज्या दिशेने जास्त वाकलेला, त्या दिशेने प्रतिबिंब आवळलं जातं. चमच्याच्या दांड्यावर बघा, खिडकी असो की बल्ब, सगळ्याच्या लांबट रेघा होतात, दांड्याच्या लांबीच्या दिशेने, कारण दांडा आडवा जास्त वाकलाय. रेघांची दिशा वाचली की वाक कळतो, खोलीत काय होतं ते माहीत असायची गरज नाही.

आता या सगळ्या कच्च्या खुणा एकत्र कशा येतात? अनोळखी ठिकाणी आपण चार जणांना वाट विचारतो तेव्हा सगळ्यांचं सारखं ऐकत नाही, ठामपणे सांगणाऱ्याचं जास्त, डोकं खाजवत सांगणाऱ्याचं कमी. मेंदू अगदी तसंच करतो. पृष्ठभाग फार तिरका असेल तर टेक्श्चरला वजन, समोरासमोर आणि जवळ असेल तर दोन डोळ्यांतल्या फरकाला वजन, आणि हे वजन क्षणोक्षणी बदलतं. २००२ मध्ये हिलिस, अर्न्स्ट, लँडी आणि बँक्स यांना एक विचित्र गोष्ट सापडली: दोन डोळ्यांची खूण आणि टेक्श्चरची खूण मुद्दाम परस्परविरोधी दिल्या, तर लोकांना मिळून आलेला एकच कल दिसतो, आणि वेगवेगळ्या खुणांचा मेळ सारखाच आला की दोन मुळात वेगळी चित्रं त्यांना वेगळी ओळखताच येत नाहीत. म्हणजे सुट्टे सुट्टे आकडे बेरीज झाल्यावर जणू फेकून दिले जातात.

आणि कधीकधी जुनी ओळख सगळ्यांवर मात करते. चेहऱ्याचा मुखवटा मागून बघा, आतला पोकळ भाग. जरा लांबून बघितलं की तो बाहेर आलेला चेहराच दिसतो, नाक तुमच्याकडे, आणि तुम्ही सरकलात की तो मान वळवून तुमच्याकडेच बघत राहतोय असं वाटतं. रिचर्ड ग्रेगरीने हा भास खूप प्रसिद्ध केला. दोन्ही डोळे ओरडून सांगत असतात की हे खोलगट आहे, पण आत वळलेला चेहरा मेंदूने जन्मात बघितलेला नसतो. अगदी जवळ गेलात की मात्र दोन डोळ्यांचं पारडं जड होतं आणि मुखवटा एकदम पोकळ होतो. वर सांगितलेला अंतराच्या वर्गाचा हिशोब तो हाच.

ज्यांना ही सगळी गणितं लहानपणापासून बसलेली नाहीत त्यांना काय दिसतं? १७२८ मध्ये विल्यम चेसेल्डन या इंग्लिश सर्जनने १३-१४ वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं, जवळपास जन्मापासून आंधळा, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिसायला लागलेला. त्याला चित्रं म्हणजे नुसते रंगांचे डाग वाटायचे. साधारण दोन महिन्यांनी एकदम त्यात भरीव वस्तू दिसायला लागल्या, मग त्याने हात लावून बघितला तर सगळं सपाट, आणि त्याने विचारलं की खोटं कोण बोलतंय, डोळा की हात. आपल्या काळात भारतात प्रोजेक्ट प्रकाशमध्ये पवन सिन्हा यांच्या टीमने उशिरा दृष्टी मिळालेल्यांना तपासलं तेव्हाही असंच दिसलं: शेडिंग असलेला ठोकळा दाखवला तर त्याची प्रत्येक बाजू त्यांना वेगळी वस्तू वाटायची. चित्रातले आकार हलायला लागले की मात्र तुकडे जुळायचे. लहान बाळांमध्येही हालचालीतून आकार ओळखणं लवकर येतं, दोन डोळ्यांची खोली साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास, आणि चित्रातल्या शेडिंगसारख्या खुणा त्यानंतर, साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत.

एवढं सगळं करून मेंदूला मिळतं काय, अचूक मापं? इथेच सगळ्यांचा गैरसमज असतो. कूंडरिंक, आंद्रेआ फान डोर्न आणि आस्ट्रिड कापर्स यांनी १९९२ मध्ये एक साधा पण कष्टाचा प्रयोग केला. वस्तूच्या फोटोवर एक छोटी गोल चकती आणि तिच्यावर उभी काडी, टाचणीसारखी, आणि माणसाने ती अशी फिरवायची की चकती फोटोतल्या पृष्ठभागावर चपखल बसल्यासारखी दिसेल. असं शेकडो ठिकाणी केलं की त्या माणसाला दिसणारा पूर्ण आकार गणिताने उभा करता येतो. निष्कर्ष असा की प्रत्येकाच्या मनातला आकार सुसंगत, नीटस, पण एकाला तीच वस्तू बरीच फुगीर दिसते, दुसऱ्याला त्यापेक्षा कितीतरी चपटी. पुढच्या प्रयोगांत हेही दिसलं की या वेगवेगळ्या आकारांमधला फरक अंदाधुंद नसतो, एकाचा आकार खोलीच्या दिशेने ताणला किंवा जरा तिरका ओढला की बहुतेक दुसऱ्याचा होतो. डोंगर कुठे, दरी कुठे, खोगीर कुठे यावर सगळे एकमत, किती उंच यावर नाही.

आणि यात मेंदूची चूक काढता येत नाही, कारण ही माहिती चित्रात नसतेच. १९९० च्या दशकाच्या शेवटी पीटर बेलह्यूमर, डेव्हिड क्रीगमन आणि अ‍ॅलन यूल यांनी सिद्ध केलं की मॅट वस्तू खोलीच्या दिशेने चपटी केली आणि त्या हिशोबाने दिव्याची दिशा नि पृष्ठभागाचा रंग बदलला, तर लांबून दिसणारं चित्र हुबेहूब तेच राहतं, सावल्यांच्या कडासकट. नाण्यावरचं डोकं जेमतेम मिलिमीटरभर उठाव घेऊन भरदार दिसतं ते याच गणितामुळे, आणि शिल्पकार हे भिंतींवरच्या उठावांत हजारो वर्षं वापरत आलेत, गणित न करता. जरा इकडेतिकडे डोकं हलवून हे उघडकीला येईल असं वाटतं ना, तर नाही, छोट्या हालचालीनेही ही संदिग्धता सुटत नाही हे त्याच पेपरमध्ये आहे. पार बाजूला जाऊन नाणं कडेनं बघावं लागतं.